बिनकाचेची काचखोली

नरूकाकांच्या घरी कधी गेलात तर फाटकातून सरळ ओसरीकडे चालू लागू नका. मध्ये काच आहे. म्हणजे नाहीये, पण आहे. अंगणात चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसतील. पाया खणण्याआधी गवंडी फक्की टाकून आखणी करतात ना, तशा. ओसरीच्या लांबीचा मोठा चौकोन. त्यात एक वेताची खुर्ची, समोर पाहुण्याला बसायला एक बुटका मोढा, आणि एका कुंडीत कोरफड. चौकोनाच्या एका बाजूला माणूस जाईल एवढी रेघ सोडलेली असते. ते दार. आत शिरायचं ते तिथूनच. चुकून रेघेवरून पाय टाकलात तर काका "अरे अरे, काच!" असं इतक्या कळवळून ओरडतात की पाय हवेतच राहतो.

माझा पाय किती वेळा असा हवेत राहिला असेल, सांगता येत नाही. मी त्यांच्या शेजारी राहतो. मला गुडघ्याचा त्रास त्यामुळेच सुरू झाला असं आमच्या घरात म्हणतात.

बरं, दार एका जागी असतं तर सवय तरी झाली असती. पण दार हलायचं. एका आठवड्यात पूर्वेला, दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेला, कधी अगदी फाटकासमोर. रविवारी संध्याकाळी काका झाडूने जुनी रेघ पुसायचे, आणि सोमवारी सकाळी दूध घेऊन आलेला हरदयाल कॅन हातात धरून रेघेबाहेर उभा राहून हाक मारायचा, "काए दद्दा, आज किवाड़ किते है?"

"पूरब में, पूरब में!" काका आतून ओरडायचे.

"हओ," म्हणून हरदयाल वळसा घालून यायचा आणि नसलेल्या पायपुसण्याला पाय पुसून आत शिरायचा. त्याला मी एकदा विचारलं, हे कशाला करतोस? तो म्हणाला, "भैयाजी, दद्दा नाप के दूध नईं देखत, हम काए काँच नाप के देखें?" 

मांजर मात्र वाटेल तिथून जायचं. काका म्हणायचे, "तिच्यासाठी खिडकी ठेवली आहे."

नरूकाका इथे झाशीच्या छावणीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. "जेवलात का काका?" विचारलं तर म्हणणार, "विचाराधीन आहे." दाढ दुखते म्हणत होतात, काढली का? "प्रकरण विचाराधीन आहे." त्यांच्या मते जगातलं कुठलंही काम लगेच निकाली काढणं हा अडाणीपणा. "मधू भैया," ते मला समजवायचे, "कागद जोवर टेबलावर आहे तोवर त्याला लोक विचारतात. एकदा निकाल लागला की तो जातो रेकॉर्ड रूममध्ये. मग त्याला फक्त उंदीर विचारतात."

काचेची खोली त्यांनी छावणीतच पाहिली होती. ऐन थंडीत कसल्याशा सह्या घ्यायला त्यांना एका साहेबाच्या बंगल्यावर पाठवलं होतं. बाहेर असा वारा की सायकलचं हँडल हाताला चिकटावं. काका बंडी, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला मफलर अशा अवतारात पोचले, तर व्हरांड्याला सगळीकडून काचा लावलेल्या, आणि आत साहेबांची बायको बसून लोकर विणत होती. "आणि अंगात काय? हाफ बाह्यांचं ब्लाउज! पौषात! हाफ बाह्या!" ही गोष्ट त्यांनी मला जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा त्या बाह्या आखूड होत गेल्या. शेवटी सुशीलाकाकूच म्हणाली, "आता थांबा, नाहीतर त्या बिचारीला थंडी वाजेल."

काकू इथे होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा खोली नुसती गप्पांत होती. रेघा आल्या त्या काकू गेल्यावर. गेली म्हणजे पुण्याला, मुलाकडे, अजयकडे. घाबरू नका.

काकूला दमा. झाशीत उन्हाळ्यात लू सुटते, म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा, आणि त्याच्याबरोबर निम्म्या बुंदेलखंडाची धूळ. हिवाळ्यात धूळ कमी, पण गारठा असा की श्वास छातीतच गोठावा. गच्चीवर ऊन मिळे, पण जिने चढायचे कसे? एका आजारपणात अजय येऊन तिला घेऊन गेला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता परत पाठवू नका. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेली बाई तिथेच राहिली.

तेव्हापासून काकांचं एकच चाललेलं. काचेची खोली बांधली तर? "ऊन आत, धूळ बाहेर. इतकं सीधं आहे. थंडीपुरती तरी येईल का नाही ती? तू इंजिनिअर आहेस, सोच आणि सांग. फायद्याचं आहे का?"

मी इंजिनिअर आहे हे खरं आहे. पण सरकारी. सगळी नोकरी रस्ते आणि मोऱ्या करण्यात गेली. मोठ गावाकडच्या रस्त्याने कधी गेलात तर खालून पाणी जाताना दिसेल, ते माझं काम. काचेचा आणि माझा संबंध चष्म्यापुरता. पण आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आता दोनच उरली, एक त्यांचं आणि एक माझं, तेव्हा सल्लागार दुसरा कुठून आणणार.

आणि त्यांना सल्ला देणं म्हणजे शिक्षाच होती. तुम्ही नाही म्हणालात की ते हो म्हणणार, आणि तुम्ही हो म्हणालात की नाही.

"काका, मे महिन्यात त्या खोलीत पापड भाजतील. नुसते ठेवायचे."

"तर मग बरंच आहे की! गॅस वाचला."

"माकडं काचा ठेवतील का?"

"माकड काचेत स्वतःचं तोंड बघेल आणि शरमून निघून जाईल."

मग थकून म्हणावं, बरं, बांधा. दक्षिणेचं ऊन आहे, थंडीत सूर्य खाली असतो, छान आत येईल. की लगेच कपाळाला आठी. "इतकं जल्दी कसं बोलतोस तू? आँधी आली तर? काच कोण पुसणार? हरदयाल पुसणार? बिना सोचे-समजे सल्ला देतोस, मोऱ्या पण अशाच बांधल्यास का?"

गल्लीतला एकही माणूस सुटला नाही. पोस्टमन, विजेचं मीटर बघणारा, समथरहून तूप विकायला येणारा म्हातारा. सगळ्यांना दारातून आत घेऊन मोढ्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं, फायद्याचं आहे का. तूपवाल्याने बिचाऱ्याने चौकोनाकडे बघत बघत तोंडभरून तारीफ केली, "उजियारो खूब है दद्दा." काकांनी त्या दिवशी जास्तीचं तूप घेतलं.

तुम्ही म्हणाल, स्वतः पुण्याला का जात नाहीत? गेले होते की. थोड्याच दिवसांत परत आले. मी स्टेशनवर घ्यायला गेलो, तर तोंड उतरलेलं. "काय झालं काका?" म्हणाले, "मधू, आपल्या घरांनी अडीचशे वर्षं इथे मराठी सांभाळली. हिंदीच्या पुरात हातावर धरून सांभाळली. आणि मी पुण्यात भाजीवाल्याला मराठीत विचारलं, भैया, ही लौकी कशी दिली? तर तो मला म्हणतो, चालीस रुपया. मी परत मराठीत बोललो. तो परत हिंदीत. मी म्हटलं, अरे बाबा, मी मराठी आहे. तर म्हणतो कसा, अच्छा बोल लेते हो अंकल." रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाले, "अच्छा बोल लेते हो."  ते तिथे राहू शकत नाहीत आणि काकू इथे राहू शकत नाही, याला माणूस काय करणार?

आता पुढचं सांगायला मला जड जातं आहे. मी मुळात बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून गोष्ट काढायची म्हणजे विहिरीतून बादली काढणं. पण काही गोष्टी आत ठेवून ठेवून माणूस दमतो. मी दमलो आहे.

अजयचा मला फोन आला. चांगला मुलगा आहे, बापाची काळजी करणारा. म्हणाला, "मधूदादा, बाबा तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा स्पष्ट सांगा की ती खोली होणार नाही. ते त्या खोलीपायी अडकलेत. आशा सुटली की येतील इकडे. कुलूप लावू घराला." एवढं म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. पण पुढे म्हणाला, "चावी तुमच्याकडेच राहील. अंगणात तुमची गाडी लावत जा, घराला जाग राहील."

गाडी. आमच्याकडे तेव्हा नुकतीच गाडी आली होती. ती गल्लीत कडुनिंबाखाली उभी असायची आणि रोज सकाळी पाखरांनी तिची केलेली दशा मी बादली घेऊन धूत असायचो. माझ्या दारात जागा नाही. काकांच्या अंगणात आहे. बरोब्बर त्या चौकोनाएवढी.

अजयला मी म्हणालो, "बघतो." पण मनात गाडी त्या चौकोनात लावूनसुद्धा झाली होती. अगदी दारातून.

दुसऱ्या दिवशी मी काकांसमोर मोढ्यावर बसलो आणि इंजिनिअरच्या आवाजात सगळं सांगितलं. की झाशीची धूळ काचेने थांबत नाही, फटीतून येते. की उन्हाळ्यात ती खोली तापली की मागचं सगळं घर तापेल. की बंद खोलीत दम्याच्या माणसाला उलट जास्त त्रास होईल. की काकू आता येणार नाही, थंडीतही नाही, कारण प्रश्न उन्हाचा नाही, तिच्या छातीचा आहे आणि तिच्या डॉक्टरांचा आहे. "बांधू नका, काका. काही फायद्याचं नाही."

मी वाट बघत होतो की आता ते नेहमीसारखे उसळतील. माझ्या मोऱ्या काढतील. ते नुसते ऐकत होते.

"हे सगळं तुला आधीपासून मालूम होतं?"

"हो."

"मग इतके दिवस का नाही बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आज?"

 माझी नजर फाटकाबाहेर, निंबाखालच्या गाडीकडे गेली. त्यांनीही तिकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ते उठले आणि म्हणाले, "ठीक. प्रकरण निकाली." मग जरा वेळाने, "चाय पिऊन जा."

मी चहा प्यायलो. याचीही मला लाज वाटते.

संध्याकाळी त्यांनी अंगण झाडलं. पूर्ण. सकाळी हरदयाल येऊन उभा राहिला. "काए दद्दा, किवाड़..." एवढं म्हणून खाली बघून थांबला. समोर सगळं मोकळं होतं. काका ओसरीतून म्हणाले, "कहीं से भी आ जाओ." तरी तो बावचळल्यासारखा जुन्या जागेकडूनच वळसा घालून गेला. मग माझ्या दारी दूध घालताना माझ्याकडे बघून म्हणाला, "भैयाजी, कछू अच्छो नईं लग रओ." मी पातेलं घेऊन आत आलो.

पुढच्या रविवारी दुपारी मी टेप घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. होय, गाडीसाठी माप घ्यायला. काका आत झोपले असतील असं मला वाटलं. रविवारी दुपारी मी स्वतः झोपतो, त्यामुळे त्या वेळी त्यांच्याकडे काय चालतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

टेपचं एक टोक फाटकापाशी विटेखाली दाबलं आणि दुसरं ओढत मागे मागे सरकत ओसरीपाशी आलो, तर आतून काकूचा आवाज. मी दचकलोच. फोन होता. काकांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावून बोलतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"हं, सांगा. आज दार कुठे?" काकू विचारत होती.

काका नुसते खाकरले.

"अहो, ऐकू येतंय ना? मी म्हटलं होतं पश्चिमेला नको, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं. हलवलंत का?"

"सुशीला, ते प्रकरण निकाली निघालं."

"निघालं? कोणी काढलं?"

"मधूने. तो म्हणाला फायद्याचं नाही. इंजिनिअर आहे तो."

"मधू? तो मोऱ्या बांधतो, मोऱ्या!" काकूला खोकला आला. तो थांबेपर्यंत काका "हळू, हळू" म्हणत राहिले, जणू पाठीवरून हात फिरवत होते. 

"जेवलीस?" काकांनी विचारलं.

"जेवले. तुम्ही?"

"हो."

"काय केलं होतं?"

"तेच."

 मला वाटलं फोन कट झाला. मग काकू अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग आता आपण काय बोलायचं हो?"

मी टेप हातात धरून उभा होतो. दार दर आठवड्याला का हलायचं हे मला तेव्हा कळलं. तिला तिथून जमेल तसं ती घर लावत होती, आणि हा माणूस तिच्या सांगण्यावरून इथे रेघा पुसत आणि ओढत होता. खोली होणार नाही हे त्या दोघांनी माझ्या आधी जाणलं असणार. तिचा दमा तिला माहीत, झाशीची धूळ त्यांना माहीत. मीच एकटा शहाणा, की ज्याने त्यांना ते समजावून सांगितलं.

"ठेवू मग?" काका म्हणाले.

मी ओसरीच्या खिडकीतून ओरडलो, "काकू, मी मधू! उत्तरेला दार धरलं तर?"

माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. काकांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या टेपकडे. मी ती पाठीमागे लपवली, पण तिचं एक टोक फाटकापाशी विटेखाली होतं, कुठवर लपणार?

"उत्तरेला?" काकूचा आवाज फोनमधून वर चढला. "अरे, उत्तरेला आपली ओसरी आहे! फाटकातून येणाऱ्या माणसाने मग आत शिरायचं कुठून? आकाशातून? इंजिनिअर म्हणे! अहो, ऐकलंत का हा काय बोलतोय?"

"ऐकलं," काका म्हणाले. "मी तर आधीपासून म्हणत होतो, याला काही समजत नाही."

"आणि काच बसवायच्या आधी गरमीचं काय म्हणत होता तो?"

"खसाच्या ताट्या लावू की बाहेरून, पाणी मारून."

"ताट्या लावल्यावर ऊन कुठून येणार? तुम्ही पण ना!"

"गरमीत ऊन पाहिजे कोणाला? थंडीत काढून टाकू ताट्या!"

बोलता बोलता ते उठले. फोन खिडकीत ठेवला. कोनाड्यातला फक्कीचा डबा घेतला. माझ्या जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "टेप आणलीच आहेस तर पकड ते टोक. जरा सीधी येईल रेघ या वेळी." बस, इतकंच. त्या टेपबद्दल ते आजवर दुसरं काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

अजयला मी सांगून टाकलं की माझ्याने होणार नाही. गाडीचं कारणही सांगितलं. तो म्हणाला, "आई रविवारी कोणाला फोनला हात लावू देत नाही. मला वाटायचं, भांडतात." मी म्हटलं, भांडतातच.

गाडी अजून निंबाखालीच असते. रोज सकाळी मी बादली घेऊन जातो. शिवाय आता रविवारी झोप नाही. दुपारी जाऊन नवा आक्षेप काढावा लागतो आणि दोघांचं मिळून ऐकून घ्यावं लागतं. परवा मी म्हटलं, पावसाळ्यात काचेला शेवाळ धरेल. काकू म्हणाली, यावर पुढच्या रविवारी बोलू. म्हणजे एक आठवडा सुटलो. मीच विषय संपवला होता, आता तो चालू ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे. तक्रार नाही. थकवा आहे, पण तो वेगळा.

मात्र त्या पहिल्या रविवारचं सांगायचं राहिलं. आखणी झाली, दार पूर्वेला आलं, टेप गुंडाळून मी निघालो. घाईने, मान खाली घालून, सरळ फाटकाकडे. काका खुर्चीत बसून फोन तोंडासमोर धरून काहीतरी सांगत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. रेघेवरून पाय टाकणार इतक्यात स्पीकरमधून काकूचा आवाज आला.

"मधू गेला का? दारातून गेला ना?"

माझा पाय हवेतच राहिला. काकांनी मान वळवून पाहिलं. मी पाय मागे घेतला, पूर्वेला वळसा घातला, दारातून बाहेर पडलो आणि मागे वळून ते लावून घेतलं.

"हो," काका तिला म्हणाले. "दारातूनच गेला."